चोवीस आटे की सव्वीस?



सोयाबीन-तुरीच्या गोष्टी आज जरा बाजूला ठेवू. सुलतानपूरहून एका दूध घालणाऱ्या शेतकऱ्याचे पत्र आले आहे आणि त्यात पिकाबद्दल एक अक्षर नाही. त्याच्याकडे वडिलांनी घेतलेली विलायती रॅले सायकल आहे. मळ्यातल्या गोठ्यावरून गावात दूध आणायला दोन वेळ तीच. दोन बाजूंना दोन कॅन, मागे चाऱ्याची पेंढी. गेल्या पावसाळ्यापासून पायडल मारले की खालून कटकट वाजू लागले, क्रँक आडवा डुलू लागला आणि चढावर चैन पडू लागली. मिस्त्रीने गाडी खोलली, नवा कप आणला. कप दोन फेरे बसला आणि तिथेच अडला. मग पाना लांब केला, हातोडी आली, शेवटी मिस्त्रीने हात टेकले आणि निकाल दिला, ‘फ्रेम बाद झाली, भंगारात घाला.’ भंगारवाल्याने लगेच भावही सांगितला. पत्राच्या शेवटी तो लिहितो, ‘साहेब, फ्रेम खरंच बाद झाली का? तोवर मी शेजाऱ्याची गाडी मागून दूध घालतो आहे, पण रोज रोज मागवत नाही.’

काही जण म्हणतील, शेतीच्या माणसाने सायकलीत कशाला नाक खुपसावे? अहो, ज्या सायकलीवरून दूध, पेंढ आणि युरियाची गोणी जाते ती औताच्याच जातीची. आता घरोघरी फटफटी आली हे खरे. पण काळ्या रानातली पांदण भर श्रावणात तुडवायची असेल तर फटफटी अडते, आणि सायकल निदान खांद्यावर तरी घेता येते.

तेव्हा या भावाला आणि त्याच्यासारख्या इतरांना सांगतो : भंगारवाल्याला चार दिवस थांबवा. जे घडले आहे त्यावरून फ्रेम मोडीत निघाली असे दिसत नाही. एका मापाच्या नळीत दुसऱ्या मापाची वाटी घातली गेली आहे. आणि एक काम हे वाचून होताच करा. मिस्त्रीच्या दुकानी जा आणि काढलेल्या जुन्या वाट्या, ॲक्सल, छर्रे, सगळे मागून आणा. दुकानाच्या कोपऱ्यातल्या डब्यात ते अजून असेल. त्या दोन गंजक्या वाट्यांवर पुढचे सगळे अवलंबून आहे.

आता मूळ प्रकरण समजून घेऊ. दोन्ही पायडलांचे क्रँक ज्या ॲक्सलवर बसतात, तो ॲक्सल फ्रेमच्या खालच्या आडव्या नळीत फिरतो. मिस्त्री लोक त्या जागेला ‘बीबी’ म्हणतात. (आपल्या सिंदखेड राजाच्या वाटेवरच्या बीबी गावाशी याचा काही संबंध नाही! बॉटम ब्रॅकेट या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे.) नळीच्या दोन्ही तोंडांना आतून आटे असतात. त्यांत दोन पोलादी वाट्या, म्हणजे कप, फिरवून बसवतात. वाटीत पाव इंची, म्हणजे दोन सुती छर्रे, एका बाजूला अकरा आणि दुसऱ्या बाजूला अकरा. त्या छर्ऱ्यांवर ॲक्सल फिरतो. उजवी, म्हणजे चैनच्या बाजूची वाटी एकदा घट्ट बसवली की हलवायची नसते. डावी वाटी मागेपुढे करून ॲक्सलचा ढिलेपणा काढायचा आणि वरून खाचांच्या लॉकरिंगने आवळायचे. एवढेच ते यंत्र.

घोटाळा आहे आट्यांचा. सायकलीच्या जगात सर्वांत जास्त चालणारे माप विलायतेतल्या बीएसए कंपनीच्या नावाने ओळखतात. ही कंपनी मूळची बर्मिंगहॅमची, बंदुका बनवणारी. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेली तिची खूण वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. या मापात वाटीचा व्यास १.३७ इंच, म्हणजे जवळजवळ ३५ मिलिमीटर, आणि एका इंचात २४ आटे. नॉटिंगहॅमच्या रॅलेने मात्र आपल्या गाड्यांना जवळपास त्याच व्यासावर इंचाला २६ आटे ठेवले. बाकीच्यांनी २४ चा सरसकट स्वीकार केला तरी रॅलेने आपली चाल सोडली नाही. तिला गरजही नव्हती. कारखाना अवाढव्य, जवळपास सगळे सुटे भाग घरचेच, गिऱ्हाईक सामान घ्यायला पुन्हा तिच्याच दारी येणार. मोठ्या वाड्यातल्या माणसाने आपल्या विहिरीला आपलाच रहाट ठेवावा, तसे ते होते. आज नॉटिंगहॅमचा तो कारखाना राहिला नाही; २००२ साली तिथली सायकलजोडणी थांबली. वाडा गेला, पण त्या मापाच्या गाड्या खेड्यापाड्यांत अजून चालताहेत.

दोन आट्यांच्या फरकाने असे काय बिघडते? आपल्याच रानातला हिशेब घ्या. समजा, पेरणी अठरा इंचांवर केली आणि डवरणीला ट्रॅक्टरमागे जे अवजार लावले त्याच्या पासा साडेसोळा इंचांवर आहेत. पहिली पास दोन तासांच्या बरोबर मधे ठेवली. दुसरी दीड इंच सरकली. चालेल, पीक वाचले. तिसरी तीन इंच सरकली. पानांना लागू लागली. सातव्या पाशीपर्यंत नऊ इंच फरक पडला आणि पास थेट पिकाच्या तासावर आली. अठराला साडेसोळा हे प्रमाण जवळपास सव्वीसला चोवीस असेच आहे, म्हणून वाटीचेही नेमके असेच होते. २४ च्या वाटीचा एक फेरा १.०६ मिलिमीटरचा, २६ च्या नळीचा ०.९८ चा. फेऱ्यामागे फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून कमी. आट्यांत थोडी सैल जागा असतेच, म्हणून एक फेरा सुरळीत जातो, दुसरा जरा जड जातो, तिसऱ्याला वाटी दगड होते. सहा फेऱ्यांपर्यंत नेली तर वाटीच्या आट्याचे टोक नळीच्या आट्याच्या टोकावर येणार. पण तिथवर ती सुखासुखी जातच नाही.

आणि इथेच आपला मिस्त्री पान्याला पाइप जोडतो. ‘बसत नाही? बसवतो!’ हा आपल्याकडचा मोठा रोग आहे, आणि तो सायकलीपुरता नाही. फवारणी पंपाच्या नोझलवर, ठिबकच्या वॉल्व्हवर, ट्रॅक्टरच्या बोल्टवर, जिथे तिथे तोच प्रकार. वाटी असते टणक पोलादाची, नळी त्या मानाने मऊ. जोर केला की वाटी नळीचे आटे कापते. फेरे मिळाले तेवढेच आटे बिघडतात, आतले शाबूत असतात. म्हणून या भावाला म्हटले की फ्रेम बाद झाली असे मानू नका. तोंडाचे दोन-तीन आटे चेपले असतील. आतल्या सात-आठ आट्यांवर अजून संसार होऊ शकतो.

यात मिस्त्रीची फार निंदा करू नये. दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही, आणि ‘कप द्या’ म्हटले की दुकानदार बहुधा २४ चाच पुढे करतो. त्याच्या पिढीला विलायती रॅले किती वेळा हाताखाली आली असेल?

गाडीवरच्या नावावरही विसंबू नका. १९५७ साली बीएसएचा सायकलीचा धंदा रॅलेने घेतला. १९६० साली रॅले ही ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या पोटात गेली आणि हर्क्युलिस, फिलिप्स ही नावेही त्याच कुटुंबात आली. त्यामुळे पाटीवर नाव बीएसए आणि आत आटे रॅलेचे, असाही प्रकार विलायती गाड्यांत सापडतो. आपल्याकडे बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता. त्याच्या गाड्या देशभर गेल्या, तो पुढे सरकारकडे गेला आणि बंद पडला. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स स्वातंत्र्याच्या आधीपासून होती. तीही आता नाही. टी. आय. सायकल्स १९४९ साली मद्रासला, ॲटलस १९५१ साली सोनीपतला, हीरो १९५६ साली लुधियान्याला निघाली. त्यातल्या ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखानाही जून २०२० मध्ये थांबला. वाड्यातल्या ओसरीवर या साऱ्यांपैकी कुठलीही गाडी टेकून उभी असू शकते. म्हणून माझे म्हणणे एकच : गाडी देशी असो वा विलायती, मोजल्याशिवाय सामान आणू नका.

मोजायचे कसे? त्याला कारखाना लागत नाही, घरातल्या शाळकरी लेकराची कंपासपेटी पुरते.

पहिले माप नळीच्या रुंदीचे. वाट्या बाहेर असताना नळीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पट्टी धरा. ६८ मिलिमीटर भरली तर गाडी बहुधा २४ ची. ७१ भरली, किंवा पूर्ण ३ इंच म्हणजे ७६ भरली, तर रॅलेचा संशय धरा. रंगाचे पोपडे आणि गंज खरवडून मगच मोजा, नाहीतर दोन-तीन मिलिमीटर इकडचे तिकडे व्हायला वेळ लागत नाही.

दुसरे माप आट्यांचे. जुनी डावी वाटी घ्या. उजवीपेक्षा तिच्यावर आटे जास्त असतात. रॉकेलात भिजवून दातांच्या जुन्या ब्रशने स्वच्छ करा. वहीचा पातळ कागद आट्यांवर घट्ट दाबून धरा आणि वरून शिसपेन्सिल आडवी घासा. कागदावर रेघा उमटतील. एका रेघेपासून सुरू करून पुढच्या दहा घरांची लांबी पट्टीवर पाहा. साडेदहा मिलिमीटरच्या थोडी वर भरली तर २४, दहाच्या किंचित खाली भरली तर २६. घाई करू नका, दोन-तीन ठसे घ्या. मुलींची नजर या कामात चांगली असते. आईला सुईत दोरा ओवून देणाऱ्या लेकीला हे काम सांगा, बाप तीनदा मोजेल तोवर ती एकदाच मोजून बरोबर सांगेल.

तिसरी परीक्षा सर्वांत सोपी, आणि दुकानातच करायची. नवी वाटी आणि जुनी वाटी एकमेकींच्या आट्यांत आटे घालून उजेडाकडे धरा. माप एक असेल तर दोन्ही अशा गुंततील की मधून उजेड दिसणार नाही. वेगळे असेल तर एका टोकाला बसतील, दुसऱ्या टोकाला उघड्या पडतील आणि हातात डुगडुगतील. पैसे देण्यापूर्वी एवढे करायला कोणता दुकानदार नाही म्हणेल? लेथवाल्याकडे आटे मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा असतो. तो मिळाला तर शंकाच नको.

वाट्या काढताना दिशा सांभाळा, कारण जुन्या गाड्यांचे निम्मे नुकसान इथेच होते. डावी वाटी सुलट आट्यांची. आधी लॉकरिंग, मग वाटी, दोन्ही घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवली की सुटतात. उजवी वाटी उलट्या आट्यांची. ती काट्यांच्या दिशेने, म्हणजे आपण एरवी आवळतो त्या बाजूला फिरवली की सुटते. २४ असो की २६, याबाबतीत बीएसए आणि रॅले दोघींची रीत एकच आहे. हे ठाऊक नसलेला माणूस उजव्या वाटीला छिन्नी लावून उलटीकडे ठोकत बसतो. जितके ठोकावे तितकी ती घट्ट होते, शेवटी वाटीचा कान तुटतो आणि नळीला चीर जाते.

उजवीला उलटे आटे का, असे कुणी विचारील. एक गंमत करून पाहा. डाव्या हाताच्या मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचे वरचे टोक उजव्या हाताने मुठीच्या कडेकडेने गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेला सरकताना दिसेल. पायडलावरचा दाबही असाच आत गोल फिरत असतो आणि घट्ट बसलेल्या वाटीला केसाकेसाने उलट सरकवतो. उजव्या बाजूला सुलटे आटे ठेवले तर हे सरकणे वाटी सोडवणारे ठरते. इटलीच्या शर्यतीच्या गाड्यांना दोन्हीकडे सुलटे आटे असतात आणि त्यांची उजवी वाटी सुटण्याची तक्रार जुनीच आहे. त्यांचे मापही निराळे, ३६ मिलिमीटर व्यास आणि २४ आटे. आपल्या बाजूला तसली गाडी दिसायची नाही, पण शहरातून कुणी जुनी शर्यतीची गाडी हौसेने आणली असेल तर हे लक्षात असू द्या.

मात्र माझा सल्ला असा की उजवी वाटी शक्यतो काढूच नका. ती जागच्या जागी असताना आत बोट घालून रॉकेलच्या चिंधीने पुसा, बॅटरी मारून पाहा. छर्ऱ्यांची वाट गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर वाटी चांगली आहे, तिला हात लावायचे कारण नाही. खड्डे पडले असतील तरच काढा. काढायला छिन्नी नको. डावी वाटी आणि ॲक्सल काढल्यावर उजव्या बाजूने पाच सुती बोल्ट आत घाला. त्याच्या डोक्याखाली वाटीच्या भोकाहून मोठा जाड वायसर द्या, आतून दुसरा वायसर आणि नट लावा, आणि नट डाव्या बाजूने बॉक्सपान्याने धरून वाटी मधे घट्ट आवळा. आता बाहेर उभे राहून बोल्टचे डोके काट्यांच्या दिशेने फिरवा. बोल्ट आणखी आवळला जातो, वाटीला कवटाळतो आणि वाटीच फिरू लागते. हट्टी असेल तर आदल्या रात्री आट्यांवर रॉकेल आणि इंजिन ऑइल निम्मेनिम्मे करून सोडून ठेवा.

आता दुरुस्तीचे. बरेच जण इथे उगाच घाबरतात. झिजते काय ते आधी पाहा. पहिल्यांदा मरतात छर्रे, मग ॲक्सलवरची छर्ऱ्यांची वाट, वाट्या बहुतेक वेळा सर्वांत शेवटी. आणि छर्रे व ॲक्सल यांना आट्यांशी काही देणेघेणे नाही! छर्रे सगळीकडे मिळतात. बावीसच्या बावीस नवे टाका, जुन्या-नव्यांची मिसळ करू नका. ॲक्सल मात्र लांबीने जुळला पाहिजे. रॅलेची नळी रुंद असेल तर ६८ च्या नळीचा ॲक्सल तिला आखूड पडतो आणि क्रँक फ्रेमला घासतो. म्हणून जुना ॲक्सल खिशात घालूनच बाजारात जा. मेहकर, चिखली, जालना, जिथे जाल तिथे नमुना शेजारी धरून छर्ऱ्यांच्या दोन वाटांमधले अंतर आणि पूर्ण लांबी, दोन्ही जुळवा. निम्म्याहून जास्त गाड्यांचे काम एवढ्यात भागेल, असा माझा अंदाज आहे.

वाटीच गेली असेल तर पहिला आसरा भंगाराचा. मोडक्या रॅलेची फ्रेम वाकलेली असते, चाके गेलेली असतात, पण बीबीच्या वाट्या कित्येकदा चांगल्या निघतात. कंपासपेटीतली पट्टी आणि आपला पेन्सिलचा ठसा बरोबर ठेवा. मोठ्या शहरांतल्या जुन्या सायकल दुकानांतूनही २६ च्या नव्या वाट्या मिळू शकतात. दुकानदाराला ‘रॅलेचा, सव्वीस आट्यांचा’ असे स्पष्ट सांगा. सापडल्याच तर दोन जोड घ्या, एक तुपाच्या बरणीसारखा जपून ठेवा.

चेपलेले आटे साफ करण्यासाठी एक जुनी युक्ती आहे. खड्डे पडलेली २६ ची निकामी डावी वाटी घ्या. लेथवाल्याकडून किंवा ग्राइंडरवाल्याकडून तिच्या आट्यांवर आडव्या चार चिरा पाडून घ्या, म्हणजे झाला घरचा टॅप. तेल सोडून ती नळीत हाताने सरळ धरून बसवा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कीस पुसून पुन्हा. तिरकी बसली असे वाटले तर लगेच मागे घ्या. हे काम पाइप लावलेल्या पान्याने करायचे नाही, हाताला अंदाज आला पाहिजे. उजव्या तोंडासाठी असा टॅप हवा असेल तर वाटीही उजवीच पाहिजे, आणि फिरवायची ती उलटी.

लेथवर वाटी घडवून देतो म्हणणारेही भेटतात. आटे तो बरोबर कापील, पण साध्या लोखंडाच्या वाटीला छर्रे थोड्याच दिवसांत चर पाडतात. कापल्यावर वाटी भट्टीत टणक करून देणार असेल तरच सांगा.

मोठ्या दुकानांतून २६ च्या नळीत २४ चा टॅप मारून देतात. व्यास जवळजवळ सारखा असल्याने हे जमते, पण जुन्या आट्यांवर नवे आटे पडतात, त्यांची उंची पूर्ण भरत नाही. शिवाय त्याला सुलट आणि उलट असे दोन टॅप लागतात, तेही एका रेषेत धरणारे. नळीची रुंदी तीच राहते, तेव्हा ॲक्सलचा प्रश्न उरतोच. एकदा मारला की परतीची वाट नाही. बाकी काही उपाय उरला नाही तर आणि जाणत्या कारागिराच्याच हातून करावा. आटेच नको म्हणून दोन्हीकडून फुगून बसणारे बंद बीबीही आता शहरात मिळते. पण त्याला क्रँक वेगळे, म्हणजे चैनव्हीलही वेगळे, आणि रुंद नळीत ते बसेलच असे नाही. दूध वाहणाऱ्या गाडीला हा खटाटोप परवडणारा नाही.

दोन गोष्टी मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी करू देऊ नका. वाटीभोवती डब्याचा पत्रा किंवा दोरा गुंडाळून ती ठोकून बसवू नये; ती आठवडाभर टिकते आणि मग उरलेले आटेही घेऊन जाते. आणि वाटीला वेल्डिंग नको. आचेने वाटीचे पाणी उतरते, नळीचा सांधा कमजोर होतो, आणि पुढे ती वाटी काढायची म्हटली तर फ्रेमच कापावी लागते. भंगारवाल्याचे बोलणे तेव्हा खरे ठरते.

जोडताना कॉटर पिनकडे लक्ष द्या. पिन काढताना किंवा बसवताना हातोडी मारायची तर क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा किंवा चांगला लाकडी ठोकळा जमिनीपर्यंत टेकवा. तसे केले नाही तर प्रत्येक घाव छर्ऱ्यांमार्फत वाटीवर बसतो आणि नव्या वाटीला पहिल्याच दिवशी अकरा खळगे पडतात. दोन्ही पिना एकाच बाजूने घातल्या तर क्रँक सरळ रेषेत येत नाहीत. एक वरून, तर दुसरी खालून. डावी वाटी आवळताना चैन उतरवून ठेवा. क्रँक आडवा हलवून पाहा, डुलता कामा नये, आणि बोटाने ढकलला तर सहज फिरला पाहिजे. लॉकरिंग आवळताना वाटी बरोबर फिरते, म्हणून शेवटी पुन्हा एकदा तपासा.

पावसाळ्याआधी बीबी खोलून ग्रीस बदलणे बरे. आपली काळी माती मडगार्डात गच्च बसते ती सगळ्यांना दिसते. सीटच्या दांड्यातून आत उतरलेले पाणी बीबीच्या नळीत साचते ते कुणालाच दिसत नाही. सीटखालची फट चिंधीने आणि ग्रीसने बुजवा. जुन्या विलायती गाड्यांच्या बीबीवर तेल सोडायचे छोटे झाकणाचे भोक असते. ते रंगाने बुजले असेल तर सुईने मोकळे करा आणि पंधरा दिवसांनी चार थेंब स्वच्छ इंजिन ऑइल सोडा. ट्रॅक्टरमधून काढलेले काळे तेल नको, त्यात लोखंडाचा कीस असतो.

ज्या घरांत मुलींना शाळेसाठी मिळालेल्या नव्या सायकली आहेत त्यांनाही कटकट वाजू लागली की हेच करायचे, आधी छर्रे आणि ॲक्सल पाहायचे. त्यांचे सामान बाजारात सहज मिळते, पण नमुना न्यायची सवय तिथेही ठेवा.

सुलतानपूरच्या भावासाठी आता कामाचा क्रम. जुन्या वाट्या आणा. अडकलेली नवी वाटी जोर न करता, तेल सोडून, आली त्याच वाटेने मागे फिरवून काढा. डावी असेल तर काट्यांच्या उलट, उजवी असेल तर काट्यांच्या दिशेने. नळीची रुंदी मोजा. वाटीचे आतले अंग आणि ॲक्सल पुसून उजेडात पाहा. मग जुन्या डाव्या वाटीचा पेन्सिलचा ठसा घ्या आणि रुंदीचा आकडा, ॲक्सलची लांबी आणि फ्रेमवरचे नाव लिहून तो कागद आमच्याकडे साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा. ठसा घडी घालून पाठवू नका, घडीवर रेघा मोडतात; वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पाकिटात घाला. ज्यांच्याकडे मोडक्या रॅलेच्या चांगल्या वाट्या पडून असतील अशा मेहकर-लोणारकडच्या वाचकांनीही एक कार्ड टाकावे.